खड्डे खणायला बोलावता, विचारायला नाही

ताई, नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातल्या एका गावचा. पस्तीस वर्षं मुंबईत नोकरी केली, तीन वर्षांपूर्वी कायमचा घरी आलो. गावाच्या डोक्यावर मोठा सडा आहे, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. लहानपणी गुरं घेऊन तिथंच दिवस काढले. आता पाऊस सरत आला की फुलं बघायला बाहेरून गाड्या येतात, थेट फुलांवर चढतात, बाटल्या टाकून जातात. एरवी गावातली पोरं तिथं क्रिकेट खेळतात. आम्ही चार-पाच समवयस्कांनी सडा वाचवायचं मनावर घेतलं. गेल्या पाच जूनला शाळेतल्या आणि वाडीतल्या मुलांना घेऊन दोनशे रोपं लावली. त्यातली आठ-दहा जगली असतील. पुन्हा बोलावलं तर एकही पोर आलं नाही. त्याच दिवशी वीस जण बॅट घेऊन सड्यावर होते.

गावच्या मुंबईतल्या मंडळानं आता साठ हजार रुपये जमवले आहेत. सड्याच्या रस्त्याला फाटक करून कुलूप घालावं आणि मे महिन्यातली क्रिकेटची स्पर्धा बंद करावी, असं आमच्या मनात आहे. माझ्या पुतणीनं नुकतीच बारावीची परीक्षा दिली. ती म्हणाली, "काका, तुम्ही आम्हाला खड्डे खणायला बोलावता, विचारायला नाही." मनाला लागलं. आमच्या हेतूत खोट नाही. पण या पिढीला निसर्गाची ओढच उरलेली नाही असं वाटतं. यांना यात आणायचं कसं?

– एक वाचक

काका, नमस्कार.

पुतणीच्या त्या वाक्यावर मी पत्र बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. तुम्ही मला जे विचारलंत त्याचं उत्तर तिनं घरातच दिलं आहे. मी त्यात थोडी भर घालते. काही गोष्टी स्पष्ट बोलेन, राग मानू नका. माझंही माहेर सड्याखालच्या वाडीतलं आहे.

आधी त्या दोनशे रोपांविषयी. ती मेली यात मुलांचा दोष नाही, आणि तुम्ही पाणी कमी घातलंत असंही नाही. सड्यावर झाडं लावायचीच नसतात. जिथं झाड नाही ती जागा उजाड, असं आपल्या पिढीला शाळेत शिकवलं गेलं. त्यात सातबारावर सड्याची नोंद पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी म्हणून, मग ती समजूत आणखी पक्की होते. पण जांभ्याच्या त्या कातळावर माती कुठं बोटभर, कुठं तीही नाही. पावसाचे चार महिने पाणी साचून राहतं आणि बाकीचे आठ महिने कातळ तव्यासारखा तापतो. हे दोन्ही सोसणारी वनस्पती वेगळीच असते. पहिले पाऊस झाले की दिपकाडीची पांढरी फुलं येतात. ही वनस्पती आपल्या कोकणच्या सड्यांखेरीज फारशी कुठं सापडत नाही. मग गेंदाचे पांढरे गोंडे, आणि श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांची ती निळीजांभळी चादर. या सीतेच्या आसवांची एक गंमत मुलांना नक्की दाखवा. कातळावरच्या मातीत नत्र जवळपास नसतंच, म्हणून ही वनस्पती ओल्या मातीत राईहून बारीक पिशव्या पसरते आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढून घेते. शेजारी दवबिंदू असतो, तो पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो. या सगळ्यांना उघडं ऊन लागतं. तुमची रोपं जगली असती, वाढली असती, तर त्यांच्या सावलीखाली हे सगळं मरून गेलं असतं.

पाण्याचंही तसंच. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपत खाली उतरतो आणि पायथ्याला झऱ्यातून, विहिरीत येतो. सुरुंग लावून कातळ फोडायचा, ट्रकनं माती आणून कलमं लावायची, किंवा चिऱ्याची खाण काढायची, हे कोकणात किती सड्यांवर चाललंय ते तुम्ही बघताच आहात. वाडीच्या विहिरीला पाणी कुठून येतं हे ज्या मुलाला माहीत असेल त्याला सडा का राखायचा हे वेगळं समजवावं लागणार नाही.

मला एक शंका आहे. त्या पाच जूनला खड्डा खणताना एखाद्या पोराच्या मनात आलं असणार की इथं झाड कसं जगेल, खाली तर सगळा कातळ. रोज तिथं धावणाऱ्याला पायाखालचं कळतं. पण त्याला बोलायला जागा नव्हती. पहार त्याच्या हातात, कार्यक्रम तुमचा, फोटो मंडळाचा. दुसऱ्यांदा तो आला नाही याला ओढ नसणं म्हणत नाहीत.

आणि क्रिकेट. तुम्ही ज्यांना सड्याचे शत्रू समजताय तेच आज गावातले सड्याचे सगळ्यात पक्के जाणकार आहेत. तुम्ही गुरं घेऊन जायचात, ते बॅट घेऊन जातात. गुराखी उरले नाहीत; रोज, बिनकामाचं, तासन्‌तास सड्यावर असणारं आता दुसरं कोण आहे? चैत्र-वैशाखात पीतमुखी टिटवी उघड्या कातळावर चार अंडी घालते, खड्यांच्याच रंगाची. आपण चार हातांवरून गेलो तरी दिसत नाहीत. पण चेंडू आणायला गेलेल्या पोरावर ती ओरडत झेपावते, म्हणून पोरांना घरटं कुठं आहे ते ठाऊक असतं. उन्हानं अंडी तापू नयेत म्हणून ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन बसते. हे मी त्यांना सांगायच्या आधी त्यांनी पाहिलेलंही असेल.

वेळासचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल, तरी सांगते. आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्यावर अंडी घालायची आणि ती उकरून नेली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली तिथं काम सुरू केलं. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्याला कुंपण घालून गावाला बाहेर ठेवलं नाही. त्यांनी गावातल्याच माणसांना घेतलं: ज्यांना वाळूवरचा कासवाचा माग ओळखता येत होता, घरटं कुठं असेल ते कळत होतं. पहाटे किनारा चालायचा, अंडी सुरक्षित जागी हलवायची, पन्नासेक दिवसांनी पिल्लं समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, लोक येऊन गावातल्या घरांत राहू लागले, आणि वेळासच्या घराघरांत त्याचे चार पैसे पोचले. ज्ञान आधीपासून गावातच होतं. त्याला कुणीतरी मान दिला, काम दिलं आणि मोबदलाही दिला. तुमच्या वीस खेळाडूंकडं मी त्याच नजरेनं बघते.

म्हणून फाटक नको, काका. सड्याची जमीन बहुतेक सामायिक खात्यांची असणार, तेव्हा कुलूप लावायचा अधिकार मंडळाला आहे का, हा प्रश्न आहेच. पण तो बाजूला ठेवला तरी फाटक नको. तुमचा त्रास गाड्यांचा आहे, मग अडवा गाड्याच. रस्ता सोडून चाकं कातळावर चढतात ती जागा एक-दोनच असेल. तिथं गुडघाभर गडगा, म्हणजे दगडांचा बांध घातला तर माणूस आणि गुरं जातील, गाडी जाणार नाही. गडगा घालायला चिरे गावात, घालणारे हातही गावात. साताऱ्याजवळच्या कास पठारावर आजूबाजूच्या गावांच्या समित्या वन विभागाबरोबर प्रवेश, गाडीतळ, वाटा हे सगळं बघतात, आणि हंगामात तिथं उभी असलेली मंडळी त्याच गावांतली तरुण पोरं-पोरी असतात. तिथली जागा जागतिक वारशात आहे, गर्दीही अफाट, तेव्हा तसंच्या तसं तुमच्याकडं करायची गरज नाही. पण गाडी लांब ठेवून चालत या, हे बाहेरच्या माणसाला गावातल्या एकोणीस वर्षांच्या मुलानं सांगितलं की ते चालतं, हे तिथं दिसतं.

कुलपाला माझा विरोध आहे त्याचं आणखी एक कारण आहे, ते घरचं आहे. मी तेरा वर्षांची झाले आणि माझं सड्यावर जाणं थांबलं. कुणी ओरडलं नाही. "आता मोठी झालीस" एवढंच आई म्हणाली. धाकटा भाऊ मात्र जात राहिला. पुढं कितीतरी वर्षं सीतेची आसवं मी बघितली ती त्यानं ओंजळीतून आणलेली, कोमेजलेली. तुमच्या पत्रातले ते वीस जण सगळे मुलगेच असतील ना? पुतणी शेवटची सड्यावर कधी गेली होती, ते तिला विचारा. फाटक नसतानाही गावातल्या अर्ध्या मुलांना सडा बंद आहे. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं, धनगरवाड्यावरची मुलं, यांना तर तुमच्या पाच जूनच्या कार्यक्रमाचं बोलावणंही गेलं नसेल. आधी तिथपासून सुरुवात करा.

मुलींसाठी एक सोपी वाट आहे. आषाढात वाडीतल्या बायका भारंगी, फोडशी, टाकळा, कुरडू अशा रानभाज्या आणायला जातातच. त्यांच्याबरोबर मुलींना पाठवा. आईचा जीव टांगणीला लागत नाही, आजीला विचारणारं कुणी मिळतं, आणि मुलगी दोन तास सड्यावर, सड्याच्या कडेनं हिंडून येते. पहिल्या वेळी हातात कागद-पेन्सिल देऊ नका. नुसतं हिंडू द्या. तुम्ही स्वतः लहानपणी सड्यावर कोणती नोंद करत होतात? बोरं खाल्लीत, कातळावर झोपलात, आणि पस्तीस वर्षं मुंबईत राहूनही परत आलात.

आता 'विचारायला' या शब्दाकडं येते.

तुमच्याकडं साठ हजार रुपये आहेत. त्यातले निम्मे मुलांच्या हवाली करा. हे वाचून मंडळातली माणसं दचकतील, पण मी मनापासून लिहिते आहे. पंधरा ते पंचवीस वयाची दहा-बारा मुलं-मुली निवडा, निम्म्या मुली घ्या, क्रिकेटच्या संघाचा कर्णधार त्यात असलाच पाहिजे. त्यांना सांगा की सड्यासाठी काय करायचं ते तुम्ही ठरवा, खर्च तुम्ही करा, आणि गणपतीत चाकरमानी घरी आले की सगळ्यांसमोर हिशेब वाचून दाखवा. पहिल्या बैठकीत तुम्ही शेवटी बोला. त्यांनी ठरवलेलं तुम्हाला पटलं नाही तरी, सड्याला इजा होणार नसेल, तर करू द्या. रंगीत टी-शर्टवर थोडे पैसे जातील. जाऊ द्यात.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची एक पद्धत मला फार आवडते. त्या गावानं २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण त्याआधी कितीतरी वर्षं तिथं अभ्यासगट चालत होते. अभ्यासगटात कुणीही बसायचं, प्रश्न विचारायचे, माहिती काढायची, वाद घालायचा, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वानुमते घ्यायचा. देवाजी तोफांसारखी माणसं त्या बैठकांतूनच बोलायला लागली. तुमच्या गावात सड्याचा असा एक अभ्यासगट होऊ शकतो. सहाणेवर, गावाच्या पालखीच्या चौथऱ्यावर बसा, महिन्यातून एकदा. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जातं, वणवा कुठून लागतो, सड्याचे सातबारे कुणाकुणाच्या नावावर आहेत, गेल्या दहा वर्षांत कुठले तुकडे विकले गेले. हे शेवटचं मुलांना शोधायला लावाच. सातबारा आता मोबाइलवर दिसतो, आणि जमिनी बाहेर चालल्या आहेत हे मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त बोचतं.

मोबाइलबद्दल तुमची तक्रार पत्रात नाही, पण असेलच. तो हातात आहे तर त्याचा उपयोग होऊ द्या. आयनॅचरलिस्ट या ॲपवर फुलाचा फोटो टाकला की जाणकार नाव ओळखून सांगतात, आणि तुमच्या सड्याची यादी आपोआप तयार होत जाते. एकच पथ्य: कंदीलपुष्पासारखं दुर्मीळ काही दिसलं तर त्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकायची नाही. कंद उकरून नेणारे लोक तेही वाचतात.

अशी यादी नुसती हौस म्हणून राहत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. तुमच्या ग्रामपंचायतीत ती वही आहे का ते बघा. कपाटातून काढून मुलांच्या हातात द्या. त्यात तुमच्या सड्यावरच्या किती गोष्टी सुटल्या आहेत हे शोधण्यात त्यांचा एक पावसाळा आनंदात जाईल. पुतणी अठरा वर्षांची झाली की तिचं नाव समितीसाठी सुचवा. याच कायद्याखाली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर होतं. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ एक नवी माशाची जात सापडली आणि २०२१ मध्ये ती जागा तशी जाहीर झाली. लहानशा जागेलाही हा मान मिळतो, हे मुलांना कळू द्या.

कातळशिल्पांकडं, म्हणजे सड्यावर कोरलेल्या जुन्या चित्रांकडंही बघा. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे ही सगळी तुमच्याच तालुक्यातली नावं, आणि २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती शोधताना रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या मंडळींनी मैलोन्‌मैल पायपीट केलीच, पण शाळांनाही हाताशी धरलं. मुलांना सांगितलं, घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, कातळावर कुठं चित्रं बघितली आहेत का. किती साधी युक्ती! मूल विचारतं, आजोबा आठवतात, आणि सड्याचा एक कोपरा दोघांचा होतो. तुमच्या सड्यावर शिल्पं असोत वा नसोत, हे विचारणं सुरू करा. गुरांच्या पाणवठ्यांची, तळ्यांची, दगडांची जुनी नावं तुम्हाला आठवत असतील ना? ती नावं तुमच्याबरोबर जाऊ देऊ नका. आणि एखादी आकृती खेळपट्टीखाली सापडली, तर खेळपट्टी हलवायचा निर्णय पोरं स्वतः घेतील, मला खात्री आहे.

एका गोष्टीची तयारी मनाशी ठेवा. ही मुलं जाणार आहेत. पुतणी जूनमध्ये रत्नागिरीला किंवा मुंबईला जाईल, कर्णधार कुठल्या तरी कंपनीत लागेल. कोकणात काम उभं करणाऱ्या प्रत्येकाला हे दुःख आहे. म्हणून मोठ्या मुलाच्या जोडीला धाकटं मूल द्या. बारावीतल्यानं सातवीतल्याला टिटवीचं घरटं दाखवायचं. गेलेले गणपतीला आणि शिमग्याला येतातच, त्यांना त्या चार दिवसांत करता येईल असं काम ठेवा. तुम्हीही गेलाच होतात.

सुरक्षिततेचं मात्र मोठ्यांनीच बघायचं. आपल्या सड्यांवर फुरसं हा विषारी साप फार. दगड उलथायचे नाहीत, कपारीत हात घालायचा नाही, पायात घोट्यापर्यंतचे बूट, अंधार पडू लागला की बॅटरी. दंश झालाच तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक, यातलं काही करायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारी लस एकच असते. ती तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे ना, हे पावसाआधी एकदा स्वतः जाऊन विचारून या. दुसरं, वळवाच्या आणि परतीच्या पावसात दुपारनंतर ढग गडगडू लागले की खेळ, फिरणं, सगळं सोडून खाली यायचं. मोकळ्या सड्यावर उभा असलेला माणूस हीच तिथली सगळ्यात उंच वस्तू असते.

मेमधली स्पर्धा होऊ द्या. मुलांनाच सांगा की घरट्यांपासून मैदान किती लांब ठेवायचं, गाड्या कुठं थांबवायच्या, बाटल्या कोण गोळा करणार, हे नियम तुम्ही लिहा. बक्षीस तुमच्या हातून द्या.

पण त्याला अजून वेळ आहे. आज संध्याकाळी ऊन उतरलं की वर जा. संवर्धनाचं काही बोलू नका. खेळ थांबेपर्यंत कडेला बसा, आणि मग एवढंच विचारा की यंदा टिटवीनं अंडी कुठं घातली आहेत. जाताना पुतणीला बरोबर घ्या, आणि दोघांच्या पायात बूट असू द्या.

तुमची,
ताई